घबराहट कुणाला सांगायची? चिरगाव, महासाथ आणि मानसिक आरोग्यसेवेची जात

(नागपुरात पदवीधर विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या मांडणीचा संपादित मजकूर)



'महासाथीच्या काळातली मानसिक आरोग्यसेवा आणि जात' असा विषय मला दिला आहे. विषय अवाढव्य आहे, म्हणून मी तो एका लहान गावातून सांगणार आहे. गावाचं नाव चिरगाव. उत्तर प्रदेशात, झाशीपासून साधारण तीस किलोमीटर, कानपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर. हिंदी साहित्य शिकलेल्यांना हे गाव ठाऊक असेल, कारण मैथिलीशरण गुप्तांचा जन्म १८८६ साली इथेच झाला. मी मात्र तिथे कवीच्या शोधात गेले नव्हते. मी गेले त्याचं कारण आमच्या गावाजवळच्या रस्त्यावर घडलं होतं.

मी शिरपूर तालुक्यातली, धुळे जिल्हा. मुंबई-आग्रा महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो आणि पळासनेरच्या पुढे मध्य प्रदेशात शिरतो. मार्च २०२० मध्ये वसतिगृह रिकामं करायला लावलं तेव्हा मी एम.ए.ला होते. घरी आले आणि मे महिन्यात वस्तीतल्या पोरांसोबत महामार्गावर पाण्याच्या टाक्या घेऊन उभी राहायला लागले. भिवंडी, नाशिक, कल्याण इकडून माणसं चालत येत होती, ट्रकवर लटकून येत होती. तुम्ही सगळ्यांनी ती दृश्यं पाहिली आहेत, पुन्हा सांगत नाही. त्यातला एक माणूस मोबाईल चार्ज करायला थांबला होता. भिवंडीला लूमवर होता. कुठे जाणार विचारलं तर म्हणाला, झाँसी से आगे, चिरगाँव. जेवण नको म्हणाला. मग आपणहून बोलला की पाच रात्री झोप नाही, डोळे मिटले की ट्रक अंगावर येतोय असं वाटतं. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले, त्यानंतरची ही गोष्ट. जालन्याहून निघालेले, मध्य प्रदेशातले, बहुतेक गोंड आदिवासी. ती बातमी रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोचली होती.

मी त्याला बिस्किटांचा पुडा दिला. त्याच्या वाक्याचं काय करायचं हे मला कळलं नाही, म्हणून पुडा दिला. आज माझ्या पीएच.डी.चा प्रश्न विचारला तर मी पाच ओळींत सांगते, त्यात 'सेवा-वापर' वगैरे शब्द येतात. खरं तर प्रश्न तो पुडाच आहे.

आता कायद्याचं आणि सरकारचं बघू. कागदावर या माणसाला मदत होती, आणि लवकर होती. ३१ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात, सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात सांगितलं की प्रशिक्षित समुपदेशक आणि सर्व धर्मांचे समाजनेते यांनी निवारा केंद्रांत जाऊन मजुरांच्या मनातली भीती हाताळावी. त्याआधी २५ मार्चला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरवैद्यकीय सल्ल्याच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या. डॉक्टर आता फोनवरून तपासू शकतील, व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवू शकतील. सप्टेंबरमध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने 'किरण' मदतरेषा सुरू केली, तेरा भाषांमध्ये. आणि या सगळ्याच्या मागे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा होता. त्याचं १८ वं कलम सांगतं की परवडणारी, जवळ मिळणारी मानसिक आरोग्यसेवा हा हक्क आहे आणि तिच्यात भेदभाव करता येणार नाही. कोणत्या आधारावर नाही त्याची यादी दिली आहे. त्या यादीत जात आहे, शब्दशः. ज्या देशात जातीचा उल्लेख टाळण्यासाठी माणसं 'बॅकग्राउंड' म्हणतात, तिथे हे कमी नाही.

पण न्यायालयाने समुपदेशक पाठवायला सांगितले ते निवारा केंद्रांत. आमचा माणूस केंद्रात नव्हता, रस्त्यावर होता. १६ मेला औरैयाजवळ ट्रकच्या अपघातात दोन डझन मजूर मेले, त्यानंतर उत्तर प्रदेशने पायी आणि ट्रकमधून येणाऱ्यांना सीमेवर अडवायला सुरुवात केली. झाशी जिल्ह्याची सीमा रक्सा या ठिकाणी आहे. महाराष्ट्रातून निघालेले हजारो लोक घरापासून हाकेच्या अंतरावर तिथे अडकले. चिरगावात मला भेटलेल्या लोकांच्या बोलण्यात मुंबई किंवा पुणे फारसं येत नाही. रक्सा येतं. आठशे-हजार किलोमीटर आलो ते निभावलं, पण आपल्याच जिल्ह्याच्या दारात पोलिसाने काठी उगारली ते निभावलं नाही, असं एकाने सांगितलं. त्याच महिन्याच्या शेवटी मुंबईहून आलेल्या एका मजुराचा मृतदेह श्रमिक रेल्वेच्या शौचालयात, झाशीच्या यार्डात सापडला होता. ती गोष्टही गावात अजून सांगितली जाते, जणू प्रत्येकाने तो डबा पाहिला आहे.

मी चिरगावला पोचले तेव्हा महासाथ ओसरली होती. आणि इथून मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल, कारण तिच्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

बाजाराजवळ खोली शोधत होते. आपल्याकडे खोली शोधताना काय होतं ते इथे बसलेल्यांना सांगायला नको. आडनाव विचारतात, मग खोली 'कालच गेली' असते. मी तयारीनेच गेले होते. पण घरमालकीणबाईंना माझ्या आडनावाचा काही पत्ता लागला नाही. मराठी आहे एवढं कळलं आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, अरे, रानी साहब के लोग! झाशीत मराठी म्हणजे नेवाळकरांचं घराणं, म्हणजे लक्ष्मीबाई, म्हणजे ब्राह्मण. एवढा हिशेब त्यांनी एका क्षणात केला आणि मला खोली दिली. स्वयंपाकघर वापरायला दिलं. हळदीचं दूध दिलं.

मी खोडून काढलं नाही.

या 'नाही'बद्दल मला बचाव करायचा नाही. संशोधकाने तटस्थ राहावं, खोली मिळणं गरजेचं होतं, एकटी बाई, परकं गाव, ही सगळी कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. सहा आठवडे मी तिथे राहिले. त्या सहा आठवड्यांत मला झोप लागत नव्हती. घरच्यांचा फोन आला की मी गच्चीवर जायचे, कारण आई फोनवर पहिला शब्द 'जयभीम' म्हणते. आंघोळीला गेले की लॅपटॉपवरचा निळा स्टिकर आठवायचा. बाईंनी गणपतीबद्दल विचारलं की मान हलवायची. छातीत धडधड, हातापायाला घाम. चिरगावात याला एकच शब्द आहे, घबराहट. दिवसा मी अहिरवार मोहल्ल्यात जाऊन लोकांना विचारत होते, टाळेबंदीत तुम्हाला घबराहट झाली का, कुणाकडे गेलात का. आणि रात्री बाजारातल्या खोलीत माझी स्वतःची घबराहट मी कुणालाही सांगू शकत नव्हते.

मोहल्ल्यातली उत्तरं काय होती? सब ठीक है. कुछ नहीं हुआ. भगवान की दया है. माझ्या वहीत पानंच्या पानं 'सब ठीक' अशी भरली. एखाद्या घाईतल्या संशोधकाने निष्कर्ष काढला असता की दलित वस्तीत मानसिक त्रासाचं प्रमाण कमी आहे आणि म्हणून सेवेचा वापरही कमी आहे.

१४ एप्रिल आला. मोहल्ल्यात मिरवणूक होती. मी गेले, निळा फेटाही बांधला. बाजारातूनच मिरवणूक गेली. घरमालकीणबाई दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, रागावल्या नाहीत, खोली सोडा म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा कागदी कपात आला. तिसऱ्या दिवशीही. मी आठवड्याभरात सामान उचललं आणि मोहल्ल्यातल्या एका घरी राहायला गेले. तिथे पहिल्याच रात्री घरातली बाई मला जे म्हणाली ते मी वहीत हिंदीतच लिहून ठेवलं आहे: "आप पहले बता देतीं, तो हम भी पहले बता देते."

माझ्या पहिल्या सहा आठवड्यांच्या मुलाखती मी प्रबंधातून काढून टाकल्या. 'सब ठीक' सांगणाऱ्या घरांत मी पुन्हा गेले. तीच माणसं, तेच ओटे, आणि वेगळी उत्तरं.

त्या बाईचा नवरा चाकणला होता. परत आल्यावर तीन महिने तो रात्री अंगणात येरझाऱ्या घालायचा. पोलिसांची गाडी महामार्गावरून गेली तरी आत येऊन कडी लावायचा. ती त्याला घेऊन डॉक्टरकडे गेली होती का? गेली होती. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण आपल्याला नेहमी सांगितलं जातं की गरीब, अशिक्षित लोक उपचार घेत नाहीत. ती पाच वेळा गेली होती. दोनदा रस्त्यावरच्या खाजगी दवाखान्यात, तिथे 'गैस' सांगून सलाईनची बाटली चढवली आणि पाचशे रुपये घेतले. एकदा औषधाच्या दुकानात, तिथे झोपेच्या दोन गोळ्या सुट्ट्या मिळाल्या. एकदा सरकारी दवाखान्यात, तिथे ताप मोजून पाठवलं. आणि एकदा ओझाकडे. हे सगळं ती करत होती आणि तरीही कोणत्याही पाहणीत तिच्यापुढे एकच खूण पडेल: मानसिक आरोग्यसेवा घेतली नाही.

घबराहट होते असं सांगितल्यावर 'गॅस' हे उत्तर का मिळतं यावर मी बराच वेळ घालवला आहे. डॉक्टरांना कळत नाही असं नाही. मजुराच्या घरात शरीराचं दुखणं हेच एक मान्य दुखणं आहे. पोट दुखलं तर एक दिवस कामावर न जाण्याची परवानगी मिळते, मालकाकडूनही आणि घरच्यांकडूनही. मन दुखलं तर ती मिळत नाही. म्हणून माणूस मनाचं दुखणं पोटात घालून दवाखान्यात नेतो आणि डॉक्टर पोटाला औषध देतो. दोघांचाही व्यवहार पूर्ण होतो. त्यात दीड मिनिट लागतं.

ओझाचं मी कौतुक करणार नाही. फुले-आंबेडकरांच्या घरात वाढलेली माणसं आपण, झाडफुंकीचं गोडवं गाणारं जे नवं मानववंशशास्त्र आलं आहे त्याच्याशी माझं पटत नाही. एका गावात तर ज्या चबुतऱ्यावर झाड होतं तिथे आमच्या लोकांना खालीच बसावं लागतं, म्हणजे भूत उतरवतानाही पायरी सुटत नाही. पण एक मान्य करते. ओझाने तिला विचारलं होतं की हे कधीपासून, कुठून परत आल्यावर, वाटेत काय पाहिलं. डॉक्टरने विचारलं नव्हतं.

आता दोन घरं शेजारी ठेवून सांगते. एक बाजारातलं, दुकानदाराचं. एक मोहल्ल्यातलं. दोन्ही घरांत एकेक तरुण मुलगा, दोघांनाही महासाथीच्या आधीपासून गंभीर मानसिक आजार, दोघांचीही औषधं चालू. मोहल्ल्यातल्या मुलाचं औषध आग्र्याहून येत असे. उत्तर प्रदेशात आग्रा, बरेली आणि वाराणसी इथे जुनी मानसिक रुग्णालयं आहेत, आणि चिरगावहून आग्रा दोनशे किलोमीटरहून जास्त. दर महिन्याला वडील रेल्वेने जाऊन आणायचे. मार्चच्या अखेरीस रेल्वे बंद. एप्रिलच्या मध्यात गोळ्या संपल्या. हे औषध अचानक बंद झालं की आजार उलटतो, बहुतेकदा पहिल्यापेक्षा जोराने. मेमध्ये मुलगा घरातून निघून महामार्गावर गेला, लोकांनी मारला, मग घरच्यांनी त्याला बांधून ठेवलं. बाजारातल्या घराने त्याच महिन्यात झाशीच्या खाजगी डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल केला, चिठ्ठी मोबाईलवर आली, ओळखीच्या माणसाकडे ई-पास होता, त्याने गोळ्या आणल्या. २५ मार्चच्या त्या मार्गदर्शक सूचनांचा उपयोग झाला, बाजारातल्या घराला. दोन घरांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, माझे मार्गदर्शक हे मला दर भेटीत सांगतात, आणि बरोबर सांगतात. पण फोनवर आलेली सेवा कुणाच्या घरात शिरली हे तपासायला मोठे आकडेही मदत करतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. म्हणजे मोफत मदतरेषेवर बोलण्यासाठी उरलेल्या बाईला नवऱ्याकडे किंवा सासऱ्याकडे फोन मागावा लागणार, आणि तिची घबराहट कदाचित त्यांच्याबद्दलच असणार.

स्वतःचं सांगते. २०२० च्या हिवाळ्यात मीही एका समुपदेशकाशी फोनवर बोलले होते. कुठली सेवा ते सांगत नाही. त्या बाई प्रेमळ होत्या, आवाज शांत. पहिली सूचना होती: खोलीचं दार बंद करून निवांत बसा. आमच्या घरात दीड खोली आहे आणि मधल्या चौकटीला दार नाही, साडी लावलेली आहे. मी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसून बोलत होते. शिष्यवृत्ती अडली आहे, वसतिगृहातल्या मैत्रिणी 'तुम्हाला काय, सगळं फुकट' म्हणतात, ते डोक्यात फिरत राहतं, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, पण यात जात कशाला आणायची, हा ताण सगळ्यांनाच आहे. मी आभार मानून फोन ठेवला आणि पुन्हा केला नाही. कुठल्यातरी नोंदवहीत मी 'लाभार्थी, एक' म्हणून असेन.

ताण सगळ्यांनाच होता हे खरं आहे. कुणाला किती, याचा शोध इतर देशांत कसा घेतला बघा. अमेरिकेत जून २०२० मध्ये रोगनियंत्रण केंद्राने पाहणी केली. मागच्या तीस दिवसांत आत्महत्येचा गंभीर विचार केला असं सांगणारे सगळे मिळून १०.७ टक्के होते, काळ्यांमध्ये १५.१ आणि हिस्पॅनिक लोकांमध्ये १८.६. मग उपचार कुणाला मिळाले? २०२० मध्ये कुठलाही मानसिक आजार असलेल्या प्रौढांपैकी वर्षभरात सेवा मिळालेले गोरे ५१.८ टक्के, काळे ३७.१, हिस्पॅनिक ३५.१ आणि आशियाई २०.८. त्रास जिथे वाढला तिथे सेवा पोचली नाही, हे त्यांना आपल्याच सरकारच्या कागदावर दाखवता येतं. तिकडची वंशविद्वेषाची व्यवस्था काही कमी क्रूर नाही. पण तिचा हिशेब मागता येतो, कारण रकाना आहे. (त्या 'आशियाई' रकान्यात आपलीही माणसं आहेत, ब्राह्मणही आणि दलितही, आणि तिथे पुन्हा सगळी एक होऊन जातात. तो वेगळा विषय.)

आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दर वर्षी आत्महत्यांची आकडेवारी छापतो. २०१९ मध्ये रोजंदारी मजुरांच्या आत्महत्या ३२,५६३. २०२० मध्ये ३७,६६६. २०२१ मध्ये ४२,००४. २०२१ ला देशातल्या दर चार आत्महत्यांमागे एक रोजंदारी मजुराची होती, आणि यात शेतमजूर धरलेले नाहीत. वय आहे, लिंग आहे, शिक्षण आहे, उत्पन्न आहे, लग्न झालं होतं का तेही आहे. या वार्षिक अहवालांच्या तक्त्यांत जात नाही. रोजंदारीवर कोण असतं हे आपल्याला ठाऊक आहे, पण 'ठाऊक आहे' हे प्रबंधात चालत नाही आणि मंत्रालयातही चालत नाही.

जे थोडं काम झालं आहे ते सांगायला हवं. आशिष गुप्ता आणि डायन कॉफी यांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७-०८ च्या पाहणीची माहिती त्यांनी वापरली. आसाम, कर्नाटक, महाराष्ट्र, राजस्थान, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल ही सहा राज्यं. त्यांना आढळलं की दलित आणि मुस्लिम लोक सवर्ण हिंदूंपेक्षा अधिक चिंता आणि नैराश्य सांगतात, आणि शिक्षण, मालमत्ता यांचा फरक हिशेबात धरल्यावरही ही दरी पूर्णपणे मिटत नाही. म्हणजे 'गरिबी हटली की सगळं ठीक होईल' हे उत्तर पुरत नाही. तुमच्यापैकी ज्यांना नोकरी लागली आहे त्यांना हे आकड्यांशिवायही कळतं.

मग जात विचारावी का? दवाखान्याच्या खिडकीवर? मोहल्ल्यात मी हा प्रश्न टाकला तेव्हा लोक हसले. एक म्हातारे म्हणाले, आता फक्त ताप मोजून पाठवतात, मग लांबूनच मोजतील. त्यांचं म्हणणं मला पटतं. खिडकीवर जात विचारणं म्हणजे कागदी कपाची व्यवस्था करून देणं. पण राष्ट्रीय पाहणीत, जिथे उत्तर देणाऱ्याचं नाव गळून पडतं, तिथे विचारलीच पाहिजे. आणि विचारणारा कोण आहे याचाही विचार झाला पाहिजे, कारण 'रानी साहब के लोग' समजल्या गेलेल्या मुलीला काय उत्तरं मिळतात ते मी पाहिलं आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत सामान्य मानसिक आजार असलेल्या दर शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी लोकांना उपचार मिळत नव्हते. तिच्यात उत्तर प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता. उरलेले पंधरा कोण, हे मला जाणून घ्यायचं आहे.

जाताजाता फ्रांट्झ फॅनन. तुम्ही त्याला वसाहतवादावरचा लेखक म्हणून वाचता, पण तो पेशाने मनोविकारतज्ज्ञ होता आणि १९५३ पासून तीन वर्षं अल्जीरियात ब्लिदा इथल्या रुग्णालयात काम करत होता. तिथे त्याने युरोपीय स्त्रियांच्या विभागात सामूहिक उपचार सुरू केले. गाणं, नाटक, सण, वार्तापत्र. उत्तम चाललं. तेच त्याने अल्जीरियन मुस्लिम पुरुषांच्या विभागात केलं आणि ते पार फसलं. सोपं उत्तर होतं की हे लोक मागास आहेत. फॅनन आणि त्याच्या सहकाऱ्याने लिहिलं की चूक आपली होती, आपण युरोपातला साचा उचलून आणला. मग त्यांनी रुग्णालयातच त्या लोकांच्या पद्धतीचं कॉफीघर उघडलं, त्यांचे सण धरले, गोष्टी सांगणारा बोलावला. पुरुष बोलायला लागले.

आपल्याकडे असं कॉफीघर कोण उघडणार? सरकारी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला डॉक्टर चिरगावच्या ओट्यापर्यंत येत नाही, आणि देशात मनोविकारतज्ज्ञ लाखामागे एकही नाहीत, त्यामुळे लवकर येणारही नाही. शहरात खाजगी समुपदेशनाचा तासाचा दर हजार-दीड हजार आहे, म्हणजे मोहल्ल्यातल्या बाईची तीन-चार दिवसांची मजुरी. आपली माणसं जे करत आहेत ते मला जास्त आशादायक वाटतं. दिव्या कंडुकुरी यांनी सुरू केलेला 'द ब्लू डॉन' हा गट बहुजन लोकांना जात समजणाऱ्या समुपदेशकांशी जोडून देतो. काम लहान आहे आणि इंग्रजी येणाऱ्या शहरी मुलांपर्यंत आधी पोचतं, ही अडचण आहेच. पण तिथे 'यात जात कशाला आणायची' हे वाक्य ऐकावं लागत नाही. रोहित आणि पायल यांच्यानंतर आपण किती वर्षं बोलतो आहोत, आणि अजून आपल्यातल्या किती मुली मानसशास्त्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला जातात? मी इथे हात वर करायला सांगणार नाही.

चाकणहून परतलेला तो नवरा आता पुन्हा चाकणला आहे. मागच्या महिन्यात त्याच्या बायकोचा फोन आला होता. विचारत होती की तो तिथे आहे, तर तुमच्या मराठीत बोलणारा, आपल्यातला कुणी डॉक्टर पुण्याकडे आहे का, पैसे कमी घेणारा. मी दोन ठिकाणी विचारलं आहे, अजून उत्तर नाही. ती म्हणाली, नसेल तर निदान असा सांगा की जो आधी विचारेल.

प्रश्न घेऊ या. त्याआधी फळ्यावर क्रमांक लिहून ठेवते, १४४१६. टेली-मानस, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. माझी टीका ऐकलीत म्हणून तो वापरायचा नाही असं करू नका. वापरा, आणि तिकडून काय उत्तर आलं ते मला कळवा.